"मी तर प्रार्थनेसाठीच सांगितलं होतं, मग ती निंदा झाली का?"

चर्चमधले लोक माझ्याकडे येतात तेव्हा हा प्रश्न फिरून फिरून येतोच, की मॅडम कोणाची चूक दिसली तर बोलायचं का नाही, बोललं तर निंदा होते आणि गप्प बसलं तर मन खातं. एका काकूंची केस सांगते, त्यांना विचारूनच सांगतेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

काकू नाशिकरोडच्या, महिला मंडळात पुढे असणाऱ्या. त्यांच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, एक सून अंबडला कंपनीत सेकंड शिफ्टला होती, रात्री उशिरा एका सहकाऱ्याच्या गाडीवर घरी यायची. काकूंनी प्रार्थनेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचं नाव घेऊन टाकलं की हिच्या संसारासाठी प्रार्थना करा, काळजी वाटते. बस्स, एवढंच. पण आपल्याकडे शरणपूरला १९व्या शतकात मिशनची वसाहत झाली तेव्हापासूनची घराणी, नाशिकरोडपर्यंत सगळे कुठून ना कुठून सोयरे, त्यामुळे मेसेज लगेच तिच्या माहेरी पोचला. पोरीनं उपासनेला येणंच सोडलं.

माझ्याकडे आल्या तोवर काकू अगदी दुसऱ्या टोकाला गेल्या होत्या. धाकटे दीर ॲपवरून कर्ज काढतायत, घरात कोणाला पत्ता नाही, हे त्यांना दिसत होतं तरी तोंडातून शब्द नाही. "बायबलात मत्तय सातमध्ये लिहिलंय ना, दोष काढू नका, आता मी कोणालाच काही बोलणार नाही."

मी म्हटलं काकू, पहिल्या वचनावर थांबू नका, पाचव्यापर्यंत वाचा. आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग तुला भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला नीट दिसेल, असं येशू म्हणतो, म्हणजे कुसळ राहू दे असं तो म्हणतच नाही. त्याच अध्यायात पुढे खोट्या संदेष्ट्यांना त्यांच्या फळांवरून ओळखा असंही आहे, आणि योहान ७:२४ मध्ये वरवर पाहून नाही तर नीट न्याय करा असं आहे. पारख करायची मनाई नाही, मनाई आहे ती माणसाचा निकाल लावून मोकळं होण्याची.

मग विचारलं, त्या मुलीशी तुम्ही स्वतः बोलला होतात का? नाही. उशीर का होतो विचारलं होतं? नाही. काकूंनी पाहिली ती फक्त गाडी, बाकीची गोष्ट मनानंच जुळवली. मत्तय १८:१५ मध्ये भावाची चूक त्याला एकांतात दाखव असं सांगितलंय आणि इथे त्या मुलीला सोडून सगळ्यांना कळवलं गेलं. मला हे फार मनापासून वाटतं की प्रार्थनेचं नाव दिलं म्हणून चहाडी पवित्र होत नाही, देवाला नाव आधीच माहीत असतं, ग्रुपला कशाला हवंय?

(एक मात्र, घरात मारहाण होत असेल तर एकांतात समजवायला जाऊ नका. तिथे ११२ ला फोन करा आणि त्या बाईला आधी सुरक्षित जागी न्या. "न्याय करू नका" म्हणून अशा बाईला गप्प बसवतात ते मला सहन होत नाही, प्रेषित पौलानं १ करिंथ ५ मध्ये चुकीकडे डोळेझाक करणाऱ्या मंडळीलाच झापलंय.)

काकू तिच्या घरी गेल्या. आधीच ठरवलं होतं की "माझा हेतू चांगला होता" हे वाक्य बोलायचं नाही, फक्त चूक कबूल करायची. ग्रुपवर पण लिहिलं की मी खात्री न करता बोलले, माफ करा, विषय पुन्हा न उगाळता. मुलीनं ऐकून घेतलं, चहा दिला, पण चर्चला अजून आलेली नाही. परत जाऊ का असं काकू विचारत होत्या, मी नको म्हटलं, माफ करायचं कधी ते तिचं तिला ठरवू दे.

दिरांशी बोलताना गलतीकर ६:१ मधली सौम्यता धरा एवढंच सांगितलं होतं. काकूंनी आरोप केला नाही, जेवण झाल्यावर एकटं गाठून विचारलं, "भावजी, पैशाचं टेन्शन आहे का?" ते आधी चिडले, वहिनी तुम्ही मध्ये पडू नका म्हणाले. चार दिवसांनी स्वतःच मोबाईल घेऊन आले, हप्त्यांचे मेसेज दाखवले, आणि आता दोघं मिळून कोणतं कर्ज आधी फेडायचं त्याची यादी करतायत.