फूटहिल आणि डी अँझा ही एकाच कम्युनिटी कॉलेजची दोन कॅम्पस आहेत का? मुलीला कुठे पाठवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहता, मुलगी एच-४ वर (एच-१बी वर नोकरी करणाऱ्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर) आहे आणि हायस्कूलच्या अकरावीत आहे. शाळेची काउन्सेलर म्हणते की उन्हाळ्यात फूटहिल किंवा डी अँझाला एखादा कोर्स कर, आणि पुढे हवं तर दोन वर्षं तिथे काढून यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला) ट्रान्स्फर हो. तुम्हाला ही एकाच कॉलेजची दोन कॅम्पस वाटतात, आणि ‘कम्युनिटी’ हा शब्द ऐकून मनात पाल चुकचुकते.

आधी पहिला गोंधळ. ही दोन कॅम्पस नाहीत, दोन स्वतंत्र कॉलेजं आहेत. वर संस्था एक: फूटहिल-डी अँझा कम्युनिटी कॉलेज डिस्ट्रिक्ट. विश्वस्त मंडळ एक, चॅन्सेलर एक, विद्यार्थ्याचा ओळख क्रमांकही दोन्हीकडे तोच. पण प्रत्येक कॉलेजचा प्रेसिडेंट वेगळा, अॅक्रेडिटेशन म्हणजे शैक्षणिक मान्यता वेगळी, प्रवेशाचा अर्ज वेगळा. आपल्याकडे एका शिक्षण संस्थेची गावात दोन कॉलेजं असतात ना, तसंच. फूटहिलचा अर्ज भरला म्हणून डी अँझाच्या वर्गात नाव घालता येत नाही. हे अनेकांना नोंदणीच्या दिवशी कळतं आणि तोवर वर्ग भरलेला असतो. अर्ज फुकट आहे, त्यामुळे दोन्हीकडचे आधीच भरून ठेवा.

आता पालीचं बघू. या कॉलेजांना पूर्वी ‘ज्युनियर कॉलेज’ म्हणत, आणि हा शब्द महाराष्ट्रातल्या माणसाला हमखास चकवतो. आपलं ज्युनियर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी. अमेरिकेतलं म्हणजे तेरावी-चौदावी, डिग्रीची पहिली दोन वर्षं. १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएटला हायस्कूलच्याच जोडीने ही दोन वर्षं शिकवायला सुरुवात झाली. कॅलिफोर्नियाने १९०७ मध्ये हायस्कूलांना तशी मुभा देणारा कायदा केला आणि १९१० मध्ये फ्रेझ्नोला राज्यातलं पहिलं ज्युनियर कॉलेज निघालं. ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रुळलं ते १९४७ च्या ट्रुमन आयोगाच्या अहवालानंतर.

तुमच्या कामाचं साल मात्र १९६०. त्या वर्षी कॅलिफोर्नियाने उच्चशिक्षणाचा मास्टर प्लॅन केला आणि वाटणी ठरवली: हायस्कूलच्या वरच्या साडेबारा टक्के मुलांसाठी यूसी, वरच्या एक तृतीयांशासाठी कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, आणि शिकू इच्छिणाऱ्या कुणालाही कम्युनिटी कॉलेज. ट्रान्स्फरचा रस्ता याच आराखड्याचा भाग आहे, मागच्या दाराची पळवाट नव्हे. म्हणून प्रवेशाला कटऑफ नाही. चाळण नंतर लागते, पहिल्या कॅल्क्युलसला. ‘कुणालाही घेतात म्हणजे सोपं असेल’ या समजुतीत पहिलं क्वार्टर (१२ आठवड्यांचं सत्र) हातचं जातं.

या डिस्ट्रिक्टची स्थापना जानेवारी १९५७ ची. सांता क्लारा खोऱ्यात तेव्हा प्रून आणि जर्दाळूच्या बागा होत्या, आणि त्या तोडून घरं उठत होती. १९५६ मध्ये लॉकहीडचा क्षेपणास्त्र विभाग सनीव्हेलला आला, एचपी आणि व्हेरियन या कंपन्या पालो आल्टोत आधीपासून होत्याच. इंजिनीअर आले, त्यांची मुलं मोठी होऊ लागली. फूटहिल कॉलेज सप्टेंबर १९५८ मध्ये माउंटन व्ह्यूत, एल कमिनो रियलवरच्या जुन्या हायवे स्कूलच्या इमारतीत सुरू झालं. त्याच वर्षी मतदारांनी १ कोटी ४ लाख डॉलरचे बाँड (प्रॉपर्टी टॅक्समधून फेडायचं कर्ज) मंजूर केले आणि १९६१ मध्ये लॉस आल्टोस हिल्सचं कॅम्पस उघडलं. विद्यार्थी मावेनात म्हणून १९६७ मध्ये कुपर्टिनोत डी अँझा निघालं. हा बाँडचा खेळ अजून चालू आहे: १९९९, २००६ (४९ कोटी ८ लाख डॉलर) आणि २०२० (८९ कोटी ८० लाख). सनीव्हेलला स्वतःचं घर असेल तर प्रॉपर्टी टॅक्सचं बिल काढून बघा, फूटहिल-डी अँझाच्या नावाची ओळ सापडेल. म्हणजे पैसे भरताच आहात, मुलगी तिथे जावो न जावो.

दोन्ही कॅम्पस एकदा पायी फिरा, कारण जागांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. फूटहिल दोन टेकड्यांच्या माथ्यावर आहे, १२२ एकर. वास्तुविशारद अर्नेस्ट कम्प आणि मास्टेन अँड हर्ड यांनी रस्ता आणि पार्किंग खाली ठेवलं आणि वर्ग वर. गडाच्या पायथ्याला गाडी लावून वर चढावं, तसा प्रकार. रुंद उतरत्या छपरांच्या बैठ्या इमारती, रेडवूडचे खांब, मध्ये हिरवळ; अमेरिकेतल्या कॉलेज-वास्तुकलेत हे नावाजलेलं काम आहे. व्यवहारात याचा अर्थ असा की गाडी लावल्यापासून वर्गात बसेपर्यंत १० ते १५ मिनिटं हाताशी ठेवा. खोलीचे आकडे चार असतात आणि त्यातले पहिले दोन इमारत सांगतात. व्हीटीए या इथल्या सार्वजनिक बससेवेच्या ४० आणि ५२ नंबरच्या बस वर जातात.

डी अँझा सपाटीवर, ११२ एकर, स्टीव्हन्स क्रीक बुलेव्हार्ड आणि हायवे ८५ च्या कोपऱ्यात. इथे पूर्वी द्राक्षमळा आणि वायनरी असलेली इस्टेट होती. १८९० च्या दशकात चार्ल्स बाल्डविनने बांधलेला ‘ल पेती त्रियानों’ हा बंगला अजून आहे आणि त्यात कॅलिफोर्निया हिस्टरी सेंटर आहे. कौलारू छपरं, कमानींचे सोपे. नाव पडलं ते १७७६ मध्ये या भागातून गेलेल्या हुआन बाउतिस्ता दे आन्सा या स्पॅनिश मोहीम-नायकावरून. फ्लिंट सेंटर म्हणजे इथलं पूर्वीचं साधारण २,४०० आसनांचं नाट्यगृह, डिस्ट्रिक्टचे पहिले प्रमुख कॅल्व्हिन फ्लिंट यांच्या नावाचं. २४ जानेवारी १९८४ ला स्टीव्ह जॉब्सने मॅकिन्टॉश संगणक बाहेर काढला तो याच रंगमंचावर. २०१९ मध्ये ते बंद झालं, त्यामुळे मुलीला ते दाखवायला म्हणून जाऊ नका. बस मात्र भरपूर: २३, २५, ५२३. गाडी न चालवणाऱ्या मुलांना डी अँझा सोयीचं पडतं ते यामुळेच.

आणि तुमच्या गावात फूटहिलचं एक खरंखुरं दुसरं कॅम्पस आहे, सनीव्हेल सेंटर. पालो आल्टोतल्या जुन्या क्युबर्ली हायस्कूलच्या आवारात फूटहिलचे वर्ग भरत. त्यांची जागा २०१६ मध्ये या सेंटरने घेतली. जमीन ओनिझुका हवाई दलाच्या तळाची, चॅलेंजर यानाच्या दुर्घटनेत गेलेल्या अंतराळवीराच्या नावाची. पण तिथे वर्ग मोजके. घराजवळ आहे म्हणून त्यावर पूर्ण वर्षाचं वेळापत्रक बेतू नका.

आता जिथे खरोखर चुका होतात ते.

ही दोन्ही कॉलेजं क्वार्टर पद्धतीची. शेजारची वेस्ट व्हॅली आणि मिशन ही सेमिस्टरची. क्वार्टर १२ आठवड्यांचं: सप्टेंबरच्या अखेरीस फॉल, जानेवारीत विंटर, एप्रिलमध्ये स्प्रिंग, आणि स्प्रिंगच्या परीक्षा जूनच्या शेवटी. म्हणजे हायस्कूल सुटल्यावरही मुलीचे पेपर बाकी असतील. भारताची तिकिटं काढण्याआधी हे बघा. दरवर्षी कुणाचं ना कुणाचं यात अडतंच. १ सेमिस्टर युनिट म्हणजे दीड क्वार्टर युनिट. यूसीला ज्युनियर, म्हणजे तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, म्हणून जायला ६० सेमिस्टर, म्हणजे ९० क्वार्टर युनिट लागतात. डी अँझाचा ५ युनिटचा कोर्स तिकडे ३.३३ होतो, ५ नाही.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे मालिका मधेच तोडणं. इथे कॅल्क्युलस मॅथ १ए, १बी, १सी, १डी अशा चार क्वार्टरमध्ये वाटलेलं आहे. सेमिस्टरवाल्यांकडे तेच तीन तुकड्यांत. दोन क्वार्टर इथे आणि उरलेलं तिकडे केलं तर मधला काही भाग दोनदा शिकावा लागतो आणि काही मुळीच शिकला जात नाही, शिवाय यूसी संपूर्ण मालिका एकाच कॉलेजची मागू शकते. फिजिक्सच्या ४ए ते ४डी चं तसंच. फूटहिल आणि डी अँझा यांच्यातही सरमिसळ करताना सावध राहा: प्रोग्रामिंगची मालिका डी अँझात सीआयएस २२ या नावाने आणि फूटहिलला सीएस २ या नावाने ओळखली जाते, आणि कोर्सचे क्रमांक आता राज्यभर एकसारखे करण्याचं काम चालू असल्याने जुन्या याद्या चुकीच्या ठरू लागल्या आहेत. असिस्ट या सरकारी संकेतस्थळावर कॉलेज, यूसी कॅम्पस आणि विषय निवडला की कोणता कोर्स कशाच्या बदल्यात धरला जातो ते दिसतं. नोंदणीआधी त्याचं पान छापून ठेवा. ओळखीच्यांचा मुलगा ‘हे घेऊन गेला’ हा पुरावा नव्हे.

टॅग म्हणजे हमीचा ट्रान्स्फर. तो सहाच ठिकाणी मिळतो: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. बर्कली, एलए आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. टॅग एकाच कॅम्पसचा भरता येतो, अर्ज सप्टेंबरमध्ये. कॉम्प्युटर सायन्स आणि इंजिनीअरिंगला बऱ्याच कॅम्पसवर तो लागूच नसतो. आपल्याकडच्या दहातल्या आठ घरांना नेमकं तेच हवं असतं, तेव्हा हमीच्या भरवशावर बसू नका.

फी. १९८४ पर्यंत कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना ही कॉलेजं जवळपास मोफतच होती. त्या वर्षी युनिटला ५ डॉलर लागले. आज सेमिस्टर युनिटला ४६, क्वार्टर युनिटला ३१. म्हणजे ५ युनिटचं कॅल्क्युलस १५५ डॉलरला, आणि ९० युनिट २,७९० डॉलरला, पुस्तकं आणि किरकोळ शुल्क सोडून. हायस्कूलमध्ये असताना १२ पेक्षा कमी युनिट घेतली तर ही नोंदणी फीसुद्धा लागत नाही.

एच-४ बद्दल भीती असते, पण कॅलिफोर्नियात एच-१बी आणि एच-४ वाल्यांना रहिवासी ठरता येतं आणि रहिवाशांचीच फी लागते. टर्म सुरू होण्याआधी एक वर्ष आणि एक दिवस राज्यात राहणं, आणि इथेच राहण्याचा इरादा कागदावर दिसणं, या दोन अटी. मुलगी १८ ची होईपर्यंत तुमचं रहिवासीपण तिचं धरतात. तुमचा राज्याचा टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स, घराचा करार एका फाइलमध्ये लावून ठेवा. खरा पेच २१ व्या वर्षी. एच-४ संपून ती एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) गेली की रहिवाशाच्या फीची सवलत जाते आणि दर क्वार्टरला किमान १२ युनिट घ्यावी लागतात. ट्रान्स्फरचं वेळापत्रक आखताना तिची जन्मतारीख पहिल्या ओळीत लिहा.

उन्हाळ्याच्या कोर्सबद्दल शेवटचं. पालकांची आणि शाळेची सही असलेला परवानगीचा अर्ज दर टर्मला नव्याने लागतो, आणि नोंदणीच्या रांगेत हायस्कूलची मुलं सर्वांत मागे. त्यामुळे हवा असलेला वर्ग मिळेलच असं नाही. वेटलिस्टवर असली तरी पहिल्या दिवशी वर्गात हजर राहू द्या, गैरहजर विद्यार्थ्याचं नाव प्राध्यापक काढून टाकतात. मिळालेली ग्रेड कायमची कॉलेजच्या नोंदीत जाते आणि पुढे यूसीपासून मेडिकलपर्यंत सगळीकडे दाखवावी लागते. उन्हाळ्याचं सत्र आणखी आखूड, बारा आठवड्यांचा अभ्यास निम्म्या वेळात. जमत नसेल तर पहिल्या काही दिवसांतच कोर्स सोडा. ती तारीख गेली की डब्ल्यू (कोर्स सोडल्याची नोंद) लागतो, आणि एका कोर्सला डब्ल्यू धरून तीनच संधी मिळतात. चांगली बाब ही की हायस्कूल संपण्याआधी घेतलेल्या युनिटमुळे ती ट्रान्स्फर विद्यार्थी ठरत नाही, यूसीला फ्रेशमन (पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी) म्हणूनच अर्ज करता येतो, आणि यूसी मान्य करत असलेल्या कोर्सला जीपीएत ऑनर्ससारखा जादा गुणही मिळतो.

कुठे पाठवावं म्हणाल, तर दंतआरोग्य, रेस्पिरेटरी थेरपी, रेडिओलॉजी असलं काही मनात असेल तर फूटहिल. डेंटल हायजीनमध्ये ते बॅचलर डिग्रीही देतं. ऑटोमोटिव्ह, नर्सिंग, अॅनिमेशन असेल तर डी अँझा. नुसतं गणित-विज्ञान घेऊन ट्रान्स्फर व्हायचं असेल तर दोन्हीकडे शिकवणं तोलामोलाचं आहे. मग असिस्टची यादी आणि घरापासूनची बस बघून ठरवा, आणि पहिला कोर्स कॅल्क्युलस नको, काही तरी हलका घ्या, म्हणजे १२ आठवड्यांचा वेग तिला झेपतो का ते कळेल.