चित्र काढताना शब्द बोलला गेला पाहिजे

परकीय भाषेच्या वर्गात चित्रकलेचा उपयोग करण्याचा तुमचा विचार योग्यच आहे; मात्र तासाच्या शेवटी सुंदर चित्र हाती आले आणि नवा शब्द एकदाही कोणाच्या तोंडून निघाला नाही, तर तो तास चित्रकलेचा झाला, भाषेचा नव्हे. मी स्वतः पहिल्या वर्षी मुखवटे करण्यात दोन तास घालवले; विद्यार्थी रमले खरे, पण कात्री आणि डिंक त्यांनी मातृभाषेतच मागितले.

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, शब्द पुन्हा पुन्हा लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांची चित्रे काढणाऱ्यांना ते अधिक आठवले, आणि त्यासाठी काही सेकंदांचे कच्चे रेखाटनही पुरले. म्हणून रंगकाम आवरते घ्या.

माझा सर्वाधिक भरवसा चित्र-श्रुतलेखनावर आहे. जोडीतील एकाने आपल्या हातातील चित्राचे शिकत असलेल्या भाषेत वर्णन करावे, दुसऱ्याने ते न पाहता केवळ ऐकून रेखाटावे, आणि शेवटी दोन्ही चित्रे शेजारी ठेवून फरक त्याच भाषेत सांगावेत. यात प्रत्येक शब्द ऐकला, समजला आणि वापरला जातो. चूक झाली तर चित्रच ती दाखवते, शिक्षकाला बोलावे लागत नाही (नवख्या शिक्षकाला गप्प राहणेच सर्वांत अवघड जाते).

एका तासाला आठ-दहा शब्द पुरेत. अमूर्त शब्दांसाठी प्रसंग रेखाटायला सांगा. ‘तरीही’, ‘म्हणून’ यांसारखी अव्यये मात्र वाक्यांतूनच शिकवा.