अमेरिकी लाकूडतोडे लोकरी पॅन्टचे पाय कापून आखूड का ठेवत? आणि ती धुवायची कशी?

जिवासाठी. पाय घोट्याच्या वर कापायचे आणि कड कच्चीच सोडायची. दुमडून शिवलेली कड फांदीत किंवा ओंडके ओढणाऱ्या तारेत अडकली, तर माणूसच ओढला जातो. कच्ची कड फाटते, माणूस सुटतो. मॅकिनॉ, म्हणजे अशा पॅन्टचं जाड लोकरी कापड, दाबून-मळून दाट केलेलं असतं, त्यामुळे कापल्यावरही फारसं उसवत नाही. कमरेच्या पट्ट्याऐवजी खांद्यावरून गॅलस (पॅन्ट धरून ठेवणारे पट्टे, सस्पेंडर) लावत, कारण भिजलेली लोकर भलतीच जड होते.

धुताना थंड पाणी, सौम्य साबण, अगदी कमी चोळणं. गरम पाण्यात घुसळली की तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि पॅन्ट आटते. ती परत सैल होत नाही. एन्झाइमवाली पावडर नकोच, ती लोकरीतलं प्रथिन खाते. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, सावलीत आडवी पसरा.