नार्नियाच्या सात पुस्तकांत खरंच सात ग्रह लपवलेत का, आणि मुलांना ते कसे दाखवायचे?

तुम्ही सांगलीत सहावी-सातवीच्या मुलांचा वाचनवर्ग घेता. सात पुस्तकं, सात ग्रह हे ऐकून तुम्ही तक्ता करायला बसलात आणि निम्मं जुळेना, असं तुम्ही लिहिलंय. जुळणारच नाही, कारण तुम्ही ग्रह आपल्या पंचांगातले घेतलेत. नार्निया ही मुलांची कादंबरीमालिका लिहिणारा सी. एस. लुईस मध्ययुगीन साहित्याचा अभ्यासक. त्याचे ग्रह तिकडच्या, म्हणजे युरोपातल्या, जुन्या खगोलविद्येतले.

आपला गुरू हा देवांचा पुरोहित, त्यांचा ज्युपिटर राजा, तोही हसरा आणि उदार. आपला शुक्र दैत्यांचा गुरू, त्यांची व्हीनस प्रेमाची आणि फळाफुलांची देवता. चंद्र तिकडे स्त्री. लोखंड आपण शनीला देतो (घोड्याच्या नालेची अंगठी आठवा), तिकडे ते मंगळाचं आणि शनीचा धातू शिसं. राशींचे स्वामी मात्र दोन्हीकडे तेच. मिथुन बुधाचीच.

एकेका पुस्तकाला एकेक ग्रह ही मांडणी लुईसचे अभ्यासक मायकेल वॉर्ड यांची, २००८ च्या 'प्लॅनेट नार्निया' या पुस्तकातली. त्यांच्या मते 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' (१९५०) गुरूचं, 'प्रिन्स कॅस्पियन' मंगळाचं, 'डॉन ट्रेडर' सूर्याचं, 'द सिल्व्हर चेअर' चंद्राचं, 'द हॉर्स अँड हिज बॉय' बुधाचं, 'द मॅजिशियन्स नेफ्यू' शुक्राचं आणि 'द लास्ट बॅटल' (१९५६) शनीचं. हा क्रम ना वारांचा, ना आकाशातल्या अंतराचा. तो कशात तरी बसवण्यात वेळ घालवू नका.

सुरुवात 'सिल्व्हर चेअर'पासून करा, पुरावा तिथे सगळ्यात दाट आहे. चांदी चंद्राची, ती नावातच आहे. वेड चंद्रामुळे लागतं ही युरोपातली जुनी समजूत, आणि राजपुत्र रिलियनला रोज रात्री तासभर वेड लागतं, तेव्हा त्याला त्या खुर्चीला बांधतात. चंद्र ओलाव्याचा, म्हणून दलदल, पाऊस, बर्फ, रात्री भरणारी घुबडांची सभा. पण खरी खूण याहून बारीक आहे. जुन्या कल्पनेत चंद्राच्या वर सगळं निर्मळ आणि स्थिर, खाली सगळं गढूळ आणि बदलतं. नार्नियाचा सिंह अस्लान जिल या मुलीला डोंगरावर बजावतो की इथली हवा स्वच्छ आहे, खाली नार्नियात उतरलीस की ती दाट होईल आणि मन गोंधळेल. पुढचं सगळं कथानक या एका इशाऱ्यावर चालतं. वस्तू मोजणाऱ्याच्या हातून नेमकं हेच सुटतं. ग्रह वस्तूंपेक्षा हवेत जास्त असतो.

'डॉन ट्रेडर'मध्ये जहाज पूर्वेला जातं आणि सूर्य मोठा होत जातो. पाण्यात पडेल ते सोनं करणारं तळं आहे, त्यावरून दोन राजे भांडतात. युस्टस या मुलाच्या हातात सोन्याचं कडं रुततं ते तो ड्रॅगन झाल्यावर. 'कॅस्पियन'मध्ये लढाई आणि द्वंद्व आहेच, पण झाडं जागी होऊन चालतात ती कशाला? जुन्या रोममध्ये मंगळ रानाशीही जोडलेला होता. 'हॉर्स'मधले जुळे भाऊ म्हणजे मिथुन, आणि शास्ता निरोप घेऊन धावतो, निरोप्याचं काम बुधाचं. तरी मला हा दुवा सातांत सगळ्यात सैल वाटतो. जुळे तर कुठल्याही गोष्टीत सापडतात.

वर्गात उत्तर आधी सांगू नका, तिथेच सगळं फसतं. एकदा 'मंगळ' म्हटलं की मुलांना प्रत्येक लाल वस्तू मंगळाची दिसते. सात चिठ्ठ्या करा. प्रत्येकीवर तिकडच्या एका ग्रहाचे धातू, हवामान, स्वभाव आणि काम लिहा, ग्रहाचं नाव नको. चार-चार मुलांच्या गटांना प्रत्येक पुस्तकातली आठ-दहा पानं द्या, चित्रपट नको. कोणत्या पुस्तकाला कोणती चिठ्ठी, हे गटांनी एकमेकांना न विचारता ठरवायचं. गटांची उत्तरं जुळली तर खूण पुस्तकात आहे. मग उलटा प्रयोग करा: 'डॉन ट्रेडर' शुक्राचं म्हणून सिद्ध करायला लावा. तेही सहज जमलं, तर चिठ्ठ्या फार मोघम झाल्यात, नव्याने लिहा.

शुक्र संध्याकाळी पश्चिमेला दिसतो त्या दिवसांत मुलांना कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर न्या. 'नेफ्यू'मधला डिगरी हा मुलगा नार्नियाच्या रक्षणासाठी सफरचंद आणायला पश्चिमेकडेच जातो.

एखादं चौकस मूल विचारेल, लुईसने हे स्वतः कुठे सांगितलं? सांगितलेलं नाही. उलट १९५७ मध्ये एका मुलाला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की मालिका आधी आखलेली नव्हती, पहिलं पुस्तक लिहिताना पुढची लिहीन हे माहीतच नव्हतं. म्हणजे पहिल्या दिवसापासूनचा सातांचा नकाशा धरता येत नाही. पण ग्रह त्याच्या डोक्यात होते हे पक्कं. १९३५ मध्ये त्याने सात ग्रहांवर कविता लिहिली, त्यात गुरूच्या ओळींत हिवाळा सरण्याचा उल्लेख आहे. नार्नियाच्या पहिल्या पुस्तकात होतं तेच: शंभर वर्षांचा हिवाळा सरतो आणि चार मुलांचा राज्याभिषेक होतो. १९४५ च्या त्याच्या कादंबरीत तर ग्रहांच्या शक्ती उघडपणे एका घरात उतरतात. मुलांना दोन्ही बाजू सांगा, निवाडा त्यांनाच करू द्या.

'लास्ट बॅटल' सगळ्यात शेवटी घ्या. शनीचं पुस्तक आहे: तारे गळतात, काळ नावाचा राक्षस सूर्य विझवतो आणि जवळजवळ सगळे मरतात. सहावीतल्या मुलांसमोर ते एका बैठकीत संपवू नका. शेवटचे पाच-सहा अध्याय दोन दिवसांत वाचा आणि मधे त्यांना बोलू द्या.