जळगावात पावसाळा संपताना परसबागेत काय लावावं?

भेंडी-गवार थकली, रिकाम्या वाफ्यात आता काय लावू, असं तुम्ही विचारलंय. सगळं एकदम टाकू नका. आपल्याकडे पाऊस गेला की ऑक्टोबरचं ऊन चांगलंच तापतं. त्यात कोथिंबीर नीट उगवत नाही. मेथी आणि मुळा मात्र आत्ताच टाका. मेथी महिन्याभरात भाजीला येते.

खरी जागा द्या वांग्याला, तेही आपल्या भरताच्याच, मोठ्या हिरवट-पांढऱ्या. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, ते उगाच नाही. तयार रोपं आणून संध्याकाळी लावा, म्हणजे थंडीत भरताला घरची वांगी मिळतील. रोज सकाळी शेंडे बघा. एखादा शेंडा मान टाकून लोंबत असेल तर आत अळी शिरलीय. तो खालून खुडून वाफ्याबाहेर नेऊन जाळा.

काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून वाफा वीतभर उंच करा, कुजलेलं शेणखत मिसळा, वर पालापाचोळा पसरा. नाहीतर उन्हानं भेगा पडतात.

कोथिंबीर, पालक, गाजर, वाटाणा दिवाळीच्या सुमारास, रात्री गार पडायला लागल्या की. धणे आधी हलके रगडून दोन फाकी करून घ्या.