कांग यात्से-२ ची चढाई आणि शेवटच्या वर्षाची फी : ठेव मोडावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीला येत्या ऑगस्टमध्ये लडाखमधील कांग यात्से-२ हे ६,२५० मीटर उंचीचे शिखर चढायचे आहे. तिच्या हिशेबानुसार मोहीम नेणाऱ्या कंपनीचे शुल्क ५८,००० रुपये, साहित्य खरेदी ३२,००० रुपये आणि प्रवास १५,००० रुपये, म्हणजे एकूण १,०५,००० रुपये लागतील. शिकवण्या घेऊन तिने ४५,००० रुपये साठवले आहेत. उरलेल्या ६०,००० रुपयांसाठी शेवटच्या वर्षाच्या फीकरिता ठेवलेली वडिलांची १,२०,००० रुपयांची मुदत ठेव मोडावी, की वडिलांच्या नावावर १४ टक्के व्याजाने दोन वर्षांचे वैयक्तिक कर्ज घ्यावे, असे तिने विचारले आहे. जागा राखण्यासाठी कंपनीने महिनाअखेरीपर्यंत १५,००० रुपये मागितले आहेत.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. खर्चाचा इतका बारकाईने विचार करून विचारणारे विद्यार्थी थोडे असतात, म्हणून उत्तरही मोकळेपणाने देतो. या ऑगस्टमध्ये जाऊ नये, ठेव मोडू नये आणि कर्जही घेऊ नये, असे माझे मत आहे. मात्र तुम्ही हे शिखर चढूच नये असे मला वाटत नाही. पुढच्या वर्षी, शेवटची परीक्षा झाल्यावर, अधिक तयारीने आणि स्वतःच्या पैशांनी जावे, असे मला मनापासून वाटते.

आधी दोन्ही पर्यायांचे आकडे पाहू. साठ हजार रुपयांचे कर्ज १४ टक्क्यांनी चोवीस महिन्यांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे २,८८० रुपये येतो आणि एकूण व्याज ९,१०० रुपयांच्या घरात जाते. प्रक्रिया शुल्क असल्यास ते वेगळे. ठेव मुदतीआधी मोडल्यास बँका साधारणपणे व्याजदर अर्धा ते एक टक्का कमी करतात, म्हणजे ते नुकसान कर्जाच्या व्याजापेक्षा बरेच कमी ठरते. ठेव न मोडता तिच्यावरच कर्ज घेतले, तर ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त व्याज पडते. केवळ व्याजच मोजायचे असते, तर ठेवीला हात लावणे स्वस्त ठरले असते. परंतु ती रक्कम फीसाठी राखून ठेवलेली आहे आणि फी भरण्याची वेळ तुमच्या मोहिमेच्या सुमारासच येते. शिकवण्यांच्या ६,००० रुपयांतून महिन्याला ४,००० रुपये बाजूला पडतात असे तुम्ही लिहिले आहे. त्या गतीने साठ हजार परत जमवायला पंधरा महिने लागतील, आणि महाविद्यालय पंधरा महिने थांबणार नाही.

यापेक्षाही एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. कांग यात्से-२ चा तळ सुमारे ५,१०० मीटरवर आहे आणि तिथून मध्यरात्री निघून एकाच दिवसात हजार मीटरहून अधिक चढून परत यावे लागते. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा होतो. म्हणजे शिखराच्या दिवशी तुम्हाला मिळणारा प्राणवायू पुण्यात मिळतो त्याच्या निम्म्याहूनही कमी असेल. डोके ठणकू लागले, उलट्या झाल्या, चालताना तोल जाऊ लागला, तर तिथल्या तिथे मागे फिरणे हाच उपाय असतो. अशा वेळी ही रक्कम फीमधून काढली आहे, किंवा याचा हप्ता बाबा पुढची दोन वर्षे भरणार आहेत, हा विचार डोक्यात असेल, तर मागे फिरण्याचा निर्णय पुढे ढकलला जातो. मोहिमेचा पैसा असा असावा की शिखर न गाठता परतल्यावर घरातले कोणतेही काम अडू नये. तुमच्या दोन्ही पर्यायांत ही अट पूर्ण होत नाही, आणि माझ्या नकाराचे मुख्य कारण हेच आहे.

आता खर्चाच्या यादीकडे वळू. बत्तीस हजारांच्या साहित्यात तुम्ही बर्फावरचे दुहेरी बूट, क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे टोकदार दाते), आइस ॲक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) आणि हार्नेस (दोर अडकवायचा कमरपट्टा) विकत घ्यायचे धरले आहे. पहिल्याच मोहिमेसाठी हे सारे भाड्याने घ्यावे. काही कंपन्यांच्या शुल्कात ते धरलेले असते, तेव्हा आधी विचारून घ्या. स्वतःचे असावेत ते रुळलेले ट्रेकिंगचे बूट, अंगालगतचे गरम कपडे, लोकरीचे मोजे, हेडटॉर्च आणि बर्फावरच्या उन्हापासून डोळे वाचवणारा चांगला चष्मा. हा खर्च माझ्या अंदाजाने भाड्यासह १६,००० रुपयांत बसेल. उलट तुमच्या यादीत विम्याचा उल्लेखच नाही. साध्या आरोग्य विम्यात डोंगरातून हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च सहसा धरलेला नसतो आणि वैयक्तिक अपघात विम्यात गिर्यारोहण अनेकदा स्पष्टपणे वगळलेले असते; त्यामुळे ६,२५० मीटरपर्यंतची चढाई आणि सुटका दोन्ही लेखी नमूद असलेली पॉलिसीच घ्यावी. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे, विमानाने तिथे उतरल्यावर निदान दोन दिवस विश्रांती हवी आणि हवामान बिघडले तर आणखी एक-दोन दिवस राखीव हवेत. विमा, हे मुक्काम, वैद्यकीय तपासणी आणि विमानाच्या तिकिटाची तारीख बदलण्याचा खर्च यांसाठी १६,००० रुपये वेगळे ठेवा. म्हणजे एकूण आकडा तुमच्याइतकाच, १,०५,००० रुपये राहतो. फक्त वस्तूंवरचा निम्मा पैसा सुरक्षिततेकडे वळतो.

यात मी आणखी एक खर्च जोडणार आहे, आणि तो सर्वांत आधी करावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट किंवा मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था यांपैकी एका ठिकाणी मूलभूत अभ्यासक्रम करावा. तो जवळपास चार आठवड्यांचा असतो. राहणे, जेवण, साहित्य आणि शिकवणे शुल्कातच येते, आणि या सरकारी पाठबळाच्या संस्था असल्यामुळे ते तुमच्या कंपनीच्या शुल्कापेक्षा कमी असते. क्रॅम्पॉन घालून चालणे, घसरल्यावर आइस ॲक्सने स्वतःला थांबवणे, दोरावर एकमेकांना सांभाळणे हे तिथे रोज करून घेतले जाते. सह्याद्रीत कितीही हिंडलो तरी हे शिकता येत नाही, कारण आपले सर्वांत उंच कळसूबाई १,६४६ मीटरचे आणि बर्फ कुठेच नाही. प्रवासासह ३०,००० रुपये धरा, पण अर्जापूर्वी चालू शुल्क संस्थेकडून पाहून घ्या. जागा लवकर भरतात, म्हणून परीक्षेचे वेळापत्रक लागण्याची वाट न पाहता दोन-तीन तुकड्यांच्या तारखा हेरून ठेवा. अशा अभ्यासक्रमाने धोका नाहीसा होतो असे मात्र समजू नये. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडातील द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर नेहरू संस्थेच्या प्रगत अभ्यासक्रमाच्या तुकडीवर हिमकडा कोसळून २९ जणांचा मृत्यू झाला होता. म्हणून अभ्यासक्रमालाही विमा हवाच.

शरीराच्या तयारीला फारसा पैसा लागत नाही. सिंहगडाच्या पायथ्याशी पीएमपीची बस जाते. आतकरवाडीच्या वाटेने आठवड्यातून एकदा पाठीवर पाण्याच्या बाटल्यांचे वजन घेऊन चढावे, वजन दर पंधरवड्याला थोडे वाढवावे आणि उतरताना गुडघ्यांवर भार नको म्हणून पाणी वर ओतून द्यावे. व्यायामशाळेच्या वार्षिक सदस्यत्वाचा जो विचार तुम्ही मांडला आहे, तो सोडून दिला तरी चालेल.

आता पैशांची जुळवाजुळव. मोहीम आणि अभ्यासक्रम मिळून १,३५,००० रुपये लागतील. आजचे ४५,००० आणि पुढील अठरा महिने दरमहा ४,००० रुपयांच्या आवर्त ठेवीचे ७२,००० मिळून १,१७,००० होतात. साडेसहा टक्के दराने आवर्त ठेवीवर सुमारे ३,७०० रुपये व्याज मिळेल. तूट राहते ती १४,००० रुपयांच्या आसपास, आणि ती दोन उन्हाळी सुट्ट्यांतल्या जादा शिकवण्यांतून भरून निघण्याजोगी आहे. हे पैसे शेअर बाजारात किंवा इक्विटी फंडात घालू नयेत. दीड वर्षाने ठरलेल्या महिन्यात लागणाऱ्या रकमेला तो चढउतार परवडत नाही. तूट भरून निघाली नाही, तर मनालीजवळचे ५,२८९ मीटरचे फ्रेंडशिप शिखर त्या वर्षी करावे. लेहचे विमानभाडे वाचते आणि बर्फावरचा अनुभव मिळतो. नोकरी लागली आणि रुजू होण्याची तारीख ऑगस्टमध्येच आली, तर तारीख बदलून मागण्याचे धाडस पहिल्याच नोकरीत करावे असे मी सांगणार नाही. जमलेली रक्कम ठेवीत राहू द्यावी आणि पुढचा हंगाम गाठावा.

कंपनीला १५,००० रुपये सध्या देऊ नका. त्याऐवजी त्यांच्याकडून तीन गोष्टी लेखी मागा : हेच शुल्क पुढच्या वर्षी राहील का आणि ते करासह आहे का, मोहीम रद्द झाल्यास किंवा तुम्ही रद्द केल्यास किती दिवस आधी किती रक्कम परत मिळते, आणि एखाद्या सदस्याला तळावरून मध्येच खाली आणावे लागले, तर सोबतचा माणूस, घोडा आणि गाडी यांचा खर्च कोणाकडे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोघम आले, तर शुल्क कितीही कमी असले तरी दुसरी कंपनी शोधा.