घडीचा टचवाला लॅपटॉप घेतोस, तर ऐक भाऊ

आधी सांग, पेननं लिहिणार आहेस का? शिकवणी घेत असशील तर डोळे झाकून घे. मी स्क्रीन उलटी फिरवून, तंबूसारखी उभी करून ओसरीत पोरांना भूमिती शिकवतो. खडूचा खर्चच गेला. नुसते फॉर्म भरायचे असतील, तर तेवढ्याच पैशात साधा लॅपटॉप जास्त ताकदीचा मिळतो.

खरी गोम बिजागरीत. आमच्याकडं कापूस वेचणीच्या दिवसांत धूळ कुठं बसत नाही? माझी बिजागरी वर्षभरातच करकरायला लागली. त्यात झाकण एका कोपऱ्याला धरून उघडायची माझी खोड. तू मधोमध धरूनच उघडत जा.

काच चकाकते, २५० निट्सच्या (निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) स्क्रीनवर अंगणात आपलंच तोंड दिसतं बाप्पा! बरेचसे लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले, अन् अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात. दुपारी मांडीवर घेऊन बसू नको, दीड किलोचा तवाच तो.

रॅम बहुतेकदा बोर्डवरच जडवलेली असते, मागून वाढत नाही. १६ जीबीच घे. लाइन जाते म्हणून मोठ्या पॉवर बँकवरही चार्ज होईल असा यूएसबी-सी चार्जिंगवालाच पाहा. मात्र मोबाइलची साधी पॉवर बँक त्याला पुरत नाही.